उजेडाकडे की कूलरकडे

मुलांचं कौतुक हात राखून करावं, नाहीतर ती डोक्यावर बसतात, असं नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका वरिष्ठ बाईंनी मला बजावलं होतं. मी ते कधी मनावर घेतलं नाही. कौतुक वाटलं की माझ्या तोंडातून ते भसकन बाहेर पडतं, आणि राग आला की तोही तसाच. त्यामुळे पुढं जे सांगणार आहे ती फुशारकी वाटली तर खुशाल वाटू द्या. ती फुशारकीच आहे, फक्त माझ्याबद्दलची नाही.

मी राहते अमरावतीत आणि विज्ञान शिकवते वलगावच्या एका शाळेत. गेल्या उन्हाळ्यात, वार्षिक परीक्षेच्या आसपास, अकोल्याच्या एका कॉलेजचं पत्रक आमच्याकडं आलं. मे महिन्यात शाळकरी मुलांच्या प्रयोगांचं प्रदर्शन होतं. मे महिन्यात अकोल्यात प्रदर्शन भरवायची कल्पना कोणाला सुचली देव जाणे, पण मला पत्रकातली अट आवडली. एका शाळेतून एकच विद्यार्थी, आणि प्रयोग त्यानं स्वतः आखलेला हवा. शिक्षकानं किंवा पालकानं करून दिलाय अशी शंका परीक्षकांना आली, तर प्रवेश बाद.

ही अट का घातली असेल ते आम्हा शिक्षकांना चांगलं ठाऊक आहे. प्रदर्शन जवळ आलं की शहरातल्या काही दुकानांत थर्माकोलची धरणं आणि पवनचक्क्या तयार मिळतात. वर बटण, बटण दाबलं की दिवे. मुलानं शेजारी उभं राहून पाठ केलेलं म्हणायचं, आणि परीक्षकानं ऐकल्यासारखं करायचं. आमच्या मुख्याध्यापकांना धरण फार आवडतं. माणूस मनाचा चांगला, शाळेसाठी झटणारा, पण दिवे लागल्याशिवाय त्यांना विज्ञान झाल्यासारखं वाटत नाही.

मी नववीतली एक मुलगी निवडली. राहायला गावातच, वडील ऑटो चालवतात. अभ्यासात ती काही पहिली-दुसरी नव्हती. पण प्रश्न विचारायची, आणि विचारायची ते असं, की समोरच्यानं काही चोरलंय आणि ही त्याची झडती घेतेय. बाकीचे शिक्षक तिला उद्धट म्हणत. मला ती आवडायची, कारण तिचं निम्मं उद्धटपण माझंच होतं.

तिला विषय विचारला तर म्हणाली, "झाडं उजेडाकडे कावून वाकतात, ते पाह्याचं हाय."

मुख्याध्यापक हसले. "अवं, हे तं सहावीच्या पोट्ट्याले बी मालूम हाय. पुस्तकात चित्र हाय त्याचं. यात नवं काय दाखवनार तू?"

"पुस्तकात हाय, मी कुठं पाह्यलं?" ती म्हणाली.

मुख्याध्यापकांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी खिडकीकडं पाहिलं. अशा वेळी शिक्षकानं खिडकीकडं पाहणंच बरं असतं.

बुटांची खोकी जमवली. प्रत्येकाच्या एका बाजूला फट कापली, आत चहाच्या कागदी कपांत मूग पेरले. मूग अधीर असतो, त्याला फार वाट पाहायला लावायची सवय नाही. प्रयोगशाळेतल्या टेबलावर फटी खिडकीकडं करून खोकी मांडली. काही दिवसांनी झाकणं उचलली, तर सगळी रोपं माना लांब करून फटीकडं झुकलेली. वर्गातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हिनं नाही वाजवल्या.

ती खोक्याकडं पाहत होती, मग खिडकीकडं, परत खोक्याकडं. शेवटी म्हणाली, "म्याडम, हे उजेडाकडे नसन गेले, कूलरकडे गेले असतीन तं?"

सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले. आणि हसता हसता थांबले.

जे वऱ्हाडात राहिलेले नाहीत त्यांना हे थोडं समजावून सांगायला हवं. आमच्याकडं होळी झाली की घराच्या सगळ्या खिडक्या बंद होतात, जाड पडदे पडतात, दारालाही चादर लागते. उघडी राहते ती एकच खिडकी, आणि त्या खिडकीत कूलर बसतो. खोलीत जो काही उजेड येतो तो कूलरच्या डोक्यावरून येतो, आणि गारवाही तिथूनच. मग पावसाळ्यापर्यंत अख्खं घर त्या एका दिशेला तोंड करून जगतं. खाट तिकडं सरकते, टीव्ही तिकडं सरकतो. पाहुण्याचा मान त्याला कूलरपासून किती जवळ बसवलं यावरून कळतो. जावई अगदी समोर, व्याही त्याच्या बाजूला, आणि घरची बाई स्वयंपाकघरात घामाघूम. लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की कूलर डोळ्यांना दिसतच नाही.

आमच्या प्रयोगशाळेतही तेच होतं. व्हरांड्याकडची खिडकी पडदा ओढून बंद, आणि मागच्या खिडकीत गावातल्या एका माजी विद्यार्थ्यानं दिलेला पत्र्याचा भला मोठा कूलर. आम्ही खोक्यांच्या फटी तिकडं केल्या, कारण उजेड तिथेच होता. आणि गार, ओलसर वारंही तिथेच होतं. मी वर्गाकडं नजर टाकली. पोरांची स्टुलं रांगेत मांडलेली होती, ती सगळी हळूहळू सरकत कूलरपाशी येऊन गोळा झाली होती. एवढ्या उन्हात जीव असलेलं कोणीही कूलरकडंच जाणार, ही त्या पोरीची शंका अगदी रास्त होती. मुगाची रोपं तरी वेगळी का वागतील?

"मग आता काय करायचं?" मी विचारलं. उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण अटही डोळ्यांपुढं होती. मी ओठ घट्ट मिटले. मला ओळखणाऱ्यांना कळेल की हे किती अवघड काम आहे.

"दोघाईले अलग करा लागन," ती म्हणाली.

वेगळं करायचं कसं, यात तिचे बरेच दिवस गेले. शाळा सकाळची होती, परीक्षा संपत आली होती, तरी ती रोज येऊन काहीतरी कापत-चिकटवत बसे. आधी तिनं कूलरच बंद ठेवून पाहिला. तास संपायच्या आत मुख्याध्यापक घाम पुसत आले आणि कूलर चालू करून गेले. मग तिनं उलटा विचार केला. कूलर चालूच राहू द्यायचा, पण त्याच्याकडून फक्त वारं घ्यायचं, उजेड नाही. आणि उजेड दुसऱ्या बाजूनं आणायचा, वाऱ्याशिवाय.

घरून तिनं मोडक्या छत्रीचं काळं कापड आणलं. जुन्या तसबिरीची काचही आणली. "आईनं देली," म्हणाली, "पन फोटो परत लावाले काच वापस पायजे म्हने." नव्या खोक्यांना समोरासमोर दोन भोकं पाडली. कूलरकडच्या भोकावर काळ्या कापडाची दुहेरी घडी, म्हणजे वारं आत येईल पण उजेड येणार नाही. खोकी एकमेकांना चिकटवून व्हरांड्याकडच्या सगळ्या भोकांवर ती एकच मोठी काच, म्हणजे उजेड येईल पण वारं येणार नाही. व्हरांड्याच्या खिडकीचा पडदा काढला. एक खोकं मात्र चारी बाजूंनी बंद ठेवलं, नुसतं तुलनेसाठी. यातलं काहीच मी सांगितलेलं नव्हतं. मी फक्त कात्री दिली, आणि तीही ती न विचारता घेऊन गेली होती.

एक गोष्ट मात्र माझ्याही लक्षात आली नव्हती. दुपारी शाळा सुटली की कूलर बंद व्हायचा, पण उजेड तर संध्याकाळपर्यंत राहणार. मग गारवा अर्धा दिवस आणि उजेड पूर्ण दिवस, हा कुठला न्याय? त्यावर तिनं परस्पर तोड काढली. कूलरचं बटण बंद झालं की ती सगळ्या खोक्यांवर आईची जाड चादर टाकायची, आणि सकाळी कूलर सुरू झाल्यावरच काढायची. "दोघाईले सारखाच टाइम देला," म्हणाली. त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं जेवता जेवता हात जोडले.

परिणाम उघडून पाहायचा दिवस आला. बंद खोक्यातली रोपं उंच, पिवळी आणि सरळ, कुठंच न झुकलेली. दोन भोकांच्या खोक्यांतली रोपं मात्र गारव्याकडं पाठ करून, तापलेल्या काचेकडं वाकलेली. काही उन्हानं मलूल झालेली, पण वाकलेली तिकडंच. माझ्या अंगावर काटा आला. शेकडो वेळा फळ्यावर लिहिलेली गोष्ट मी पहिल्यांदाच खरी होताना पाहत होते.

आणि मग ते एक रोप दिसलं. एका खोक्यात, कापडाला चिकटून, एकटंच कूलरच्या बाजूला वाकलेलं. बाकीची सगळी पूर्वेला आणि हे पश्चिमेला.

मुख्याध्यापक तोवर आले होते. त्यांनी चष्मा वर करून खोक्यात पाहिलं आणि मायेनंच म्हणाले, "बेटा, तेवढं एक काढून टाक न. नाहीतं परीक्षक तेच धरून बसतीन. अख्खा प्रयोग चांगला झाला, एकासाठी कावून नंबर घालवतं?"

असं करायची आमच्याकडं रीतच आहे, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. प्रयोग यावा लागतो. न आलेला प्रयोग थोडा दुरुस्त करून आणावा लागतो. मी काही बोलायच्या आधीच पोरीनं खोकं उचलून छातीशी धरलं.

"कावून उपटू? ते बी उगवलंच हाय न. तिकडं गेलं तं कायच्यासाठी गेलं, ते पाह्यल्याबिगर नाई काढत."

मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. मी पुन्हा खिडकीकडं पाहिलं, पण या वेळी हसू लपवायला.

तिनं कापड सोडवून उन्हात धरलं. छत्रीच्या शिवणीच्या जागी सुईची भोकं होती, आणि त्यातून उन्हाचे बारीक ठिपके तिच्या हातावर पडले. ते रोप नेमकं त्या शिवणीपाशी, बाकीच्यांच्या मागं सावलीत उगवलं होतं. ते खोकं तिनं कापडासकट तसंच राखून ठेवलं. बाकीच्या कापडाच्या शिवणीची भोकं वायरमनची काळी चिकटपट्टी आणून बुजवली, दुसऱ्या खोक्यात नवे मूग पेरले, आणि तेवढाच प्रयोग पुन्हा केला. या वेळी एकही रोप कूलरकडं वळलं नाही. तिनं माझ्याकडं बघून नुसत्या भुवया उडवल्या. माझं मात्र सगळ्या स्टाफरूममध्ये फिरून सांगून झालं.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही पहाटेच्या एसटीनं अकोल्याला निघालो. खोकी मांडीवर, वर चादर, कारण वाटेत कुठून उजेड शिरला असता तर रोपांनी नवीनच काही ठरवलं असतं. कंडक्टरनं विचारलं, "काय नेऊन राह्यले? कोंबड्या हायेत काय?"

"झाडं हायेत," ती म्हणाली.

"मंग झाकून कावून ठेवले? झाडाले तं ऊन लागते."

"तेच तं पाहून राह्यलो," ती म्हणाली. आमच्याकडं मुलीही बोलताना 'राह्यलो'च म्हणतात. कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं, मी खांदे उडवले आणि तिकिटं घेतली.

कॉलेजच्या हॉलमध्ये चारी भिंतींना कूलर लावलेले, तरी पंख्याखाली उभं राहवत नव्हतं. शिक्षकांना टेबलांपुढं बांधलेल्या दोरीच्या अलीकडं थांबवलं होतं. बोलायला बंदी, पण ऐकू सगळं येत होतं. शेजारच्या टेबलावर एक धरण होतंच, दिव्यांसकट. माझ्या मनात आलं, मुख्याध्यापक इथं असते तर त्यांचा जीव तिथेच अडकला असता.

परीक्षक म्हणून पुण्याकडच्या एक निवृत्त प्राध्यापिका आल्या होत्या, वनस्पतीशास्त्राच्या. पांढरे केस, हातात घड्याळ, चेहऱ्यावर एक रेषा हलेल तर शपथ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खोकी उघडून पाहिली आणि विचारलं, "कल्पना कोणाची? मॅडमची?"

"नाई."

"मग पुस्तकातली?"

"पुस्तकात कूलर नाई."

मागं कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. आमचं बोलणं बाहेरच्यांना नेहमीच भांडल्यासारखं वाटतं, आणि मला वाटलं, झालं, ही आता उद्धट ठरणार. बाईंनी मान वळवून दोरीच्या अलीकडं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला नीट समजला. नववीची पोर, खेड्यातली शाळा, आणि गारवा-उजेड वेगळे करणारी मांडणी. हे मॅडमनी करून दिलंय, असंच त्यांना वाटत होतं. माझे कान तापले. उन्हाळाभर तोंड शिवून बसल्याचं हे बक्षीस मिळणार असेल, तर मी दोरी ओलांडून भांडणार होते.

बाईंनी पुढचा प्रश्न टाकला. "तू गारव्याची शंका काढलीस, छान केलंस. पण तुझी काचेची बाजू उन्हानं तापत होती. म्हणजे तिथं उजेडही होता आणि ऊबही. रोपं उजेडाकडं न जाता उबेकडं गेली नाहीत कशावरून?"

या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकातून येत होतं, पण या खोक्यांत त्याचा पुरावा कुठं आहे ते मला सांगता आलं नसतं. तिनं उजेड-गारव्याची जोडगोळी फोडायची ठरवली, आणि उजेड-उबेची दुसरी तिच्याच हातून बनली होती. आम्ही दोघींनीही ते पाहिलं नव्हतं.

मला वाटलं आता मान खाली जाणार. आमच्या मुलांना उत्तर आलं नाही की मान आपोआप खाली जाते, ते आम्हीच शिकवलेलं असतं.

मान खाली गेली नाही. ती सरळ बाईंच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "हे मले नाई सुचलं."

मग ती खोक्यांकडं वळली. एकेक झाकण उघडून पाहू लागली. बाई घड्याळ पाहत थांबल्या, मागच्या टेबलावरची मुलं चुळबुळ करू लागली. बऱ्याच वेळानं तिनं शिवणीपाशी वाकलेल्या त्या एकट्या रोपाचं खोकं पुढं सरकवलं. त्याचं खोड आता तसंच घट्ट झालं होतं.

"हे पाहा. हे उबीकडे नाई गेलं. हे थंड्या बाजूले गेलं, सुईच्या भोकाच्या उजेडाकडे. ऊब पायजे असती तं हे बी काचेकडे गेलं असतं."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाई खोक्यावर वाकल्या, कापडाची शिवण बोटांनी चाचपली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा पहिल्यांदा हलली. "म्हणजे सिद्ध झालं?"

एवढं झाल्यावर कोणीही 'हो' म्हटलं असतं. मी तर दोरीमागून मनातल्या मनात 'हो' ओरडत होते.

"नाई," ती म्हणाली. "हे एकच हाय. एकाच्यानं नाई सांगता येत. काचेवर पानी सोडून, तिले थंडी करून, परत करा लागन."

बाई सरळ झाल्या. सोबतच्या दोन परीक्षकांना म्हणाल्या, आणि ते मला ऐकू यावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या की काय कोण जाणे, "शिकवून आणलेलं मूल 'हो' म्हणून मोकळं होतं. हा प्रयोग हिचा आहे." मग माझ्याकडं पाहून त्यांनी मान किंचित झुकवली. मला आजवर मिळालेल्या सगळ्या प्रमाणपत्रांपेक्षा ती मान मोठी होती.

संध्याकाळी निकाल लागला. पहिला क्रमांक वलगावचा. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारच्या शिक्षकानं कानावर हात ठेवला. मुख्याध्यापकांना फोन केला तर त्यांनी आधी विचारलं, "ते एक झाड ठेवलं होतं काय?" मी म्हटलं, "तेच पुढं ठेवलं होतं." पलीकडून फक्त "बाप्पा!" एवढंच ऐकू आलं, पण त्या एका शब्दात त्यांचाही ऊर भरून आलेला मला कळला.

बक्षिसाची ढाल घेऊन ती मंचावरून उतरली. मी तिला जवळ घ्यायला हात पसरले, तर तिनं ढाल माझ्या हातात दिली आणि खोक्यांवर चादर टाकायला वळली. गाठ मारता मारता म्हणाली, "म्याडम, सुट्टीत लॅब बंद राह्यते न?"

"हो, जून संपेपर्यंत."

"मंग काचेवर पानी सोडून कवा पाह्याचं? जूनमंधी ऊन राहीन काय?"

प्रश्न बरोबर होता. ऊन गेल्यावर काच तापणार नव्हती. प्रयोगशाळेची किल्ली विद्यार्थ्याच्या हाती द्यायची नाही असा आमच्या शाळेत नियम आहे, आणि तो मी स्वतः बैठकीत आग्रहानं मंजूर करून घेतला होता. मी पर्स उघडली, जुडग्यातून किल्ली सोडवली आणि तिच्या हातावर ठेवली. तिनं ती हातात घेतली, 'थँक्यू' वगैरे काही म्हटलं नाही, आणि खोकी उचलून स्टँडकडं चालू लागली. मी ढाल सांभाळत तिच्या मागून निघाले.